नितीनची अडलेली ओळ

गेल्या महिन्यात एका दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर शेजारचा नितीन पाण्याच्या टाकीवर बोटांनी ठेका धरून पुटपुटत होता. एकेकाळी या रॅपरचं गाणं आमच्या नाशकात प्रत्येक वरातीत वाजायचं. मग पुढची गाणी पडली. एका कार्यक्रमात लोकांनी त्याची हुर्यो उडवली आणि तो अर्ध्यातूनच स्टेजवरून उतरला. त्यानंतर चार वर्षं तो टायरच्या दुकानात कामाला होता. गाण्याचा विषय निघाला की उठून जायचा.

“काय रे, पुन्हा सुरू?” मी विचारलं.

“काकू, एक ओळ बसत नाहीये,” तो लाजून म्हणाला. “आधी मी महागड्या गाड्यांवर गायचो, आणि माझ्याकडे होती सायकल! आता आईवर लिहितोय. दवाखान्यात आया आहे ना ती.”

उसना आवाज टाकून दिल्यावर आपला सापडेपर्यंत माणसाला गप्पच राहावं लागत असेल. त्याची ती चार वर्षं वाया गेली, असं मला मग वाटेना.

परवा नाट्यगृहातल्या एका कार्यक्रमात त्याने ते गाणं म्हटलं. आईच्या पहाटेच्या पाळीवर, फिनाइलचा वास न जाणाऱ्या तिच्या हातांवर. गाणं संपलं, तरी टाळ्या थांबेनात. लोकांनी त्याच्या आईला उभं केलं.

“चांगलं म्हटलंस रे,” ती पदर सावरत म्हणाली, “पण जरा हळू म्हण की. मला निम्मं कळलंच नाही.”

सगळं सभागृह हसलं. नितीनही हसला आणि त्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी तिला कळेल असं.