लोडिंग टेबलावरचा आरोप

माझं रिव्हॉल्व्हर पंचेचाळीस कॅलिबरचं, सिंगल ॲक्शन. म्हणजे प्रत्येक गोळीसाठी हॅमर अंगठ्याने मागे ओढायचा. सिलिंडरमध्ये सहा घरं, पण गोळ्या भरायच्या पाचच. हॅमरखालचं घर रिकामं ठेवायचं. हे भरणं नेमबाजी क्लबच्या लोडिंग टेबलावर, दुसऱ्या सभासदाच्या देखत होतं.

त्या शनिवारी हॅमर अर्धा मागे घेतला आणि पहिली गोळी भरण्याआधी सिलिंडर फिरवायला गेलो, तर तो हलेना. जोर लावला. नाहीच.

टेबलापलीकडे देखरेखीला क्लबमधले सर्वांत जुने नेमबाज उभे होते. सत्तरीचे, कमी बोलणारे. मी क्लबात आलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "इंजिनिअर ना तू? मग हे कशाला हवं तुला, मेट?" 'मेट' म्हणजे इथल्या बोलीत दोस्त. बाकीचे हसले, मीही हसलो, पण ते वाक्य मनातून गेलं नाही. पुढे मी कागद भरताना ते बघत, गोळ्या मोजताना बघत. मागच्या शनिवारी त्यांनी माझं रिव्हॉल्व्हर बघायला मागितलं, दोनदा हॅमर ओढला आणि परत दिलं.

आता तेच म्हणाले, "अडलं वाटतं?"

ते मिशीतल्या मिशीत हसले, असं मला वाटलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. तालुक्याच्या शाळेतल्या मास्तरांनी फॉर्म भरून दिले म्हणून इथवर, परदेशात आलो. अशा माणसाला एक भीती कायम असते, की आपल्याला इथून काढायला कोणीतरी निमित्त शोधतंय.

मी मैदानाची सुरक्षा बघणाऱ्या रेंज ऑफिसरला हाक मारली. म्हणालो, "मागच्या आठवड्यापासून माझ्याशिवाय फक्त यांचा हात लागलाय याला."

रेंज ऑफिसर बाईंचा चेहरा बदलला. "विचार करून बोल. मी हे लिहून घेतलं, तर चौकशी होईपर्यंत त्यांना रेंजवर पाऊल टाकता येणार नाही. चाळीस वर्षं येताहेत ते इथे."

"लिहा," मी म्हणालो.

ते तीन हातांवर होते. ऐकलं असणारच.

बाईंनी आधी रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री केली, मग मधली पिन काढून सिलिंडर बाहेर घेतला. आतून काहीतरी टेबलावर पडलं. लालसर, तांदळाएवढं.

तांदूळच होता तो.

"रंगाचा पोपडा?" बाईंनी विचारलं. "कोणी मुद्दाम कोंबलाय की काय?"

दोनच दिवसांपूर्वी खंडेनवमी झाली होती. माझे वडील गॅरेजमध्ये फिटर. त्या दिवशी ते पाने-पकडी पाटावर मांडून पुजायचे आणि दिवसभर त्यांना हात लावू द्यायचे नाहीत. तेच मी इथल्या टूनगॅबी उपनगरातल्या घरात करतो. यंदा लॅपटॉपशेजारी तिजोरीतून काढलेलं रिव्हॉल्व्हरही ठेवलं होतं. बायको म्हणालीसुद्धा, "अरे, त्याच्यावर अक्षता नको टाकूस, फटीत जातील." मी म्हटलं, "देवाच्या कामात फटी मोजू नयेत." नंतर वरवर पुसून ते तिजोरीत ठेवलं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. वही उघडी होती. गप्प राहिलो असतो, तर तो लाल दाणा त्या वृद्ध माणसाच्या नावावर जमा झाला असता. खोटं सांगायचं नाही, तो क्षण सरळ गेला नाही. दोन-तीन श्वास मी त्या दाण्याकडे बघत तोच विचार केला.

मग सांगितलं. पूजा, कुंकू, तांदूळ, सगळं. इंग्रजीत सांगताना ते फारच वेडगळ वाटलं. बाईंनी वही मिटली आणि रिव्हॉल्व्हर घरी साफ करण्यावर मला दहा मिनिटं ऐकवलं.

मी त्या वृद्ध नेमबाजांपाशी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "नो वरीज." आणि आपल्या गोळ्या मोजायला लागले.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. ते अजून येतात, मला गुड मॉर्निंग म्हणतात. पण लोडिंग टेबलावर माझी पाळी आली, की ते दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहतात. सगळ्यांना दिसेल असे.