उलट्या छत्रीतला चष्मा

लग्नाच्या बाजारात माझी किंमत काय, हे अमरावतीच्या आमच्या गल्लीतल्या बायांनी मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. सहाव्या वर्षी मला देवी आल्या. मी वाचले, चेहरा वाचला नाही. "पोरगी जगली खरी," असं म्हणून बाया सुस्कारा टाकत. पुढचा 'पण' त्या गिळून टाकायच्या, तरी तो मला ऐकू यायचा.

म्हणून एक मास्तर मला पाहायला आला आणि एकही प्रश्न न विचारता 'पसंत' म्हणून उठला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. आईनं मला खिडकीकडे पाठ करून बसवलं होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही. मला कुणीतरी आहे तशी घेतली, एवढंच लक्षात राहिलं. माझी एक गोरीपान मैत्रीण तोवर बिनलग्नाची होती. तिला मुद्दाम घरी बोलावून मी म्हणाले, "रूप पाहणारे वेगळे बाई. आमचे मन पाहतात." ती रडत घरी गेली आणि मी उरलेले पोहे खाल्ले. त्या वेळच्या मला आज कुणी समोर आणून उभं केलं, तर आधी दोन थोबाडीत देईन आणि मग पोट धरून हसेन.

सासरही अमरावतीतच होतं. भरल्या घरात दिवसा नवऱ्यासमोर पदर नाकापर्यंत आणि रात्री कंदिलाची वात बारीक. अंधारात आजोबांनी कधी तोंडावरून हात फिरवला नसेल का, असं एका नातसुनेनं मला विचारलं. बाई गं, तसली पद्धत आमच्याकडे नव्हती.

सहा-सात महिन्यांनी ह्यांची बदली अकोल्याला झाली आणि जुन्या शहरात एका अंधाऱ्या खोलीत आम्ही बिऱ्हाड मांडलं. ह्यांचे डोळे अधू आहेत हे मला माहीत होतं. किती अधू, ते माहीत नव्हतं. पुस्तक नाकाला टेकवून वाचायचे, धडे पाठच होते, माणसं आवाजावरून ओळखायचे. हेडमास्तरांनी मात्र ओळखलं. सोमवारी शाळेची तपासणी होती. साहेबासमोर धडपडू नका, चष्मा घालून या, अशी त्यांनी ह्यांना तंबी दिली. नव्या चष्म्याच्या काचा नागपूरहून यायला महिना लागणार होता. तेव्हा शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर आम्ही मोर्णा नदीच्या काठी जुना बाजार भरायचा तिथे निघालो.

मला तर ती सहल वाटली. सासू नाही, पदर खांद्यावर, पुडीत बोरं. बिया थुंकत आम्ही रमतगमत चाललो होतो. जमिनीवर पोती अंथरून काय काय मांडलेलं होतं: काटे नसलेलं घड्याळ, एकाच पायातला गमबूट, कुण्या साहेबाची उंदरांनी कुरतडलेली हॅट. मी फुलाफुलांची एक चिनी बशी हेरली. कप नव्हता. दुकानदार म्हणाला, "कप नाही बाई, फुटला." मी ऐटीत म्हणाले, "आमच्याकडे बशीनंच पितात." जशी काही मी रोज चिनी मातीतच चहा प्यायले होते! बशी घेतली आणि ती छातीशी धरून राणीसारखी चालू लागले.

पुढे एक म्हातारा उलट्या छत्रीत चष्मे घेऊन बसला होता. भाजीच्या टोपलीत काकड्या असाव्यात तसा ढीग. हे उकिडवे बसले आणि एकेक चढवून पाहू लागले. एक ढिला, एक चक्कर आणणारा. सातवा की आठवा काळ्या जाड फ्रेमचा होता. तो नाकावर ठेवून ह्यांनी नदीपलीकडे पाहिलं आणि लहान पोरासारखे ओरडले, "अवं, थे म्हैस हाये! मी रोज तिले दगड समजून राहिलो न!"

म्हातारा हसला. मी हसले. हसत हसत हे माझ्याकडे वळले.

भर दुपार होती. पदर खांद्यावर होता. ह्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण आतून कुणीतरी ते काढून नेलं.

"तुले देवी निंगल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

वाईट बोलले नाहीत. नुसतं विचारलं, घरात नवी वस्तू दिसल्यावर विचारतात तसं. तेच लागलं. आईला वाटलं होतं की खिडकीची युक्ती चालली, सासूला वाटलं होतं की पोराला चालतंय, आणि पोरानं काही पाहिलंच नव्हतं. मन पाहणारा माझा नवरा म्हशीला दगड समजत होता, तशीच मीही त्याला काहीतरी वाटले असेन.

"लहानपणी," मी म्हणाले. मग माझी जीभ सुटली. "काढा तो. घुबडासारखे दिसता."

"दिसू दे. दिसून राहिलं न मले."

"कोण्या मढ्याच्या नाकावरचा असंल."

"मढ्याले लागत नाई, मले लागते." ते ऐकेनात. म्हाताराही म्हणाला, "बाई, चष्मा है, बिच्छू नहीं."

तेव्हा मी तिथल्या तिथे एक खोटं रचलं. "तुमाले माईत नाई, पोरं तुमाले काय म्हणतात? चाचपड्या मास्तर. नळावर ऐकलं मी. भिंत चाचपत कसे चालता, त्याची नक्कलबी करतात. आता हा घालून गेले तर घुबड म्हणतील."

त्यांनी हळूच चष्मा काढला, घडी करून छत्रीत ठेवला आणि उठले. वाटेत बोर दिलं तर घेतलं नाही. पोरं कुठे हसली की ते मान वळवून ऐकत. मी मनात म्हणत होते, बरं झालं. माझं वय एकोणीस होतं, पण अक्कल त्याहून पुष्कळ लहान होती.

सोमवारी संध्याकाळी ते आले आणि उंबऱ्यावरच बसले. तपासणीचा साहेब मागच्या बाकावर मान खाली घालून काहीतरी लिहीत बसला होता. ह्यांना वाटलं, पोरगं झोपलंय. वर्गात बसलेलं प्रत्येक पोर आपल्याला चाचपड्या म्हणतं, हे डोक्यात होतंच.

"मग?" मी विचारलं.

"म्हनलं, ऊठ रे बैला. आंगठे धर."

मला हसू फुटलं. आवरलं नाही. पदर तोंडात कोंबून मी खोलीत पळाले. त्यांना ते ऐकू आलं असणार. कान तेवढे चांगले होते. नंतर कळलं की साहेबानं सात दिवसांची मुदत दिली होती. तोवर डोळ्यांचं पाहा, नाहीतर पातूरच्या पलीकडे एकशिक्षकी शाळेवर जा.

पुढच्या शनिवारी ते बाजाराला निघाले. मला चल म्हणाले नाहीत. मी आपली मागून गेले. माझी बाजू अशी, की त्या शाळेच्या गावात मला राहायचं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांचा विचार मी केला असं म्हटलं तर या वयात पाप लागेल. छत्रीत तोच चष्मा होता. म्हातारा माझ्याकडे पाहून म्हणाला, "आज घुबड नहीं बोलना, बाई." ह्यांनी तो चढवला आणि घरापर्यंत दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत आले. माझ्याकडे वळले नाहीत.

नोकरी राहिली. पण दारात चपला काढल्या की ते चष्माही काढायचे आणि कोनाड्यात ठेवून घरात यायचे. शेजारीण म्हणायची, किती जपून वापरतात हो मास्तर. मी हो म्हणायचे. महिनाभर पाहिलं आणि एका रविवारी ताट वाढताना विचारलंच, "घरात काहून घालत नाई?"

"घरात पाहासारखं काय हाये?"

चाचपड्याची ती गोष्ट खोटी होती, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी तांदूळ न निवडताच शिजत घातले. पहिल्याच घासाला त्यांचा दात कडकन वाजला.

"काय हाये हे?"

"मले काय इचारता? घरात पाहासारखं काई नाई न. चावा."

ते उठले, कोनाड्यातून चष्मा आणला, नाकावर चढवला आणि पुन्हा पाटावर बसून भातातले खडे एकेक करून वेचू लागले. सगळे वेचून ताटाच्या कडेला नीट ओळीनं लावले. जेवले, हात धुतला, चष्मा काढून परत कोनाड्यात ठेवला. तेवढ्या वेळात एकदाही त्यांनी मान वर केली नाही. आणि मी वेडी, खास त्यासाठी तोंडाला पावडर लावून समोर बसले होते.