टोपीखालचा कान

आयर्लंडमधल्या स्लायगोतल्या आमच्या शेजारच्या आजोबांना सगळंच ‘ग्रँड’, म्हणजे झकास असतं. पाऊस, त्यांचा गुडघा, माझा आल्याचा चहासुद्धा. लोकरीची टोपी मात्र ते कधी काढत नाहीत, अगदी आमच्या किचनमध्ये चहाला बसले तरी. माझ्या तीन कोंबड्या त्यांनीच दिलेल्या.

यंदा कडाक्याची थंडी पडली, तेव्हा मी मायेनं खुराड्याच्या झरोक्यांत जुने टॉवेल कोंबले. सकाळी पाहते तर आत सगळं ओलसर, आणि तांबडीच्या तुऱ्याची टोकं हिमदंशानं पांढरीफटक. मी हॉस्पिटलात डॉक्टर आहे, पण अशा वेळी हात आईचेच चालतात. खोबरेल तेल कोमट केलं आणि चोळायला बसले.

तेवढ्यात आजोबा आले. “चोळू नका, डॉक्टर,” एवढंच म्हणाले. तांबडीला कोटात घेऊन ती ऊब धरेपर्यंत किचनमध्ये बसून राहिले. मग जाऊन सगळे टॉवेल ओढून काढले. “थंडी सोसतात त्या. ओल नाही सोसत.”

काही दिवसांनी टोकं काळी पडली. माझे हात शिवशिवायला लागले, कात्रीही उकळून घेतली.

“राहू द्या. आपोआप गळतील.”

“आणि नाही गळली तर?”

त्यांनी टोपी काढली. डाव्या कानाची वरची कड नव्हतीच.

“हीसुद्धा अशीच गळली. ऐकू येतं की, ग्रँड!”

मी कात्री ठेवून दिली आणि चहा टाकला. तो त्यांनी टोपी न घालताच प्यायला.