बांधाखालचा पैसा

जुनी नाणी शोधायचा छंद लागला म्हणून मी कराडच्या एका दुकानात परवडणारा मेटल डिटेक्टर बघत होतो. सर्वांत स्वस्त यंत्राच्या खोक्यावर मोहरांनी भरलेला हंडा छापला होता. शेजारी एक निवृत्त फौजी तेच यंत्र पारखत होते. त्यांनी खिशातला तांब्याचा पैसा पायरीवर ठेवला आणि त्यावर एकेक वीट रचत यंत्र फिरवलं. तिसऱ्या विटेला ते गप्प झालं.

“तुम्हालाही छंद?” मी विचारलं.

“न्हाई वो. वाटणीत वडलांनी बांधाच्या दगडाखाली असाच पैसा पुरला. मी फौजेत होतो, तवा भावानं दगड माझ्या रानात सरकवला. पैसा मातूर जुन्या जागीच आसंल.”

“सापडला तर भाऊ ऐकेल?”

“कशाचं ऐकतोय. म्हणंल, तूच पुरलास.” त्यांनी विटा होत्या तशा रचून ठेवल्या. “आता बायकोबी म्हणती, दगड हाय तितंच हुता. मी येडा न्हाई, एवढं मला तरी कळाय पायजे.”

त्यांनी खोलवर शोधणारं महागडं यंत्र घेतलं. मी हंड्याच्या चित्राचं स्वस्तातलं घेतलं. मला फक्त नाणीच शोधायची होती.