त्याच्या आवाजापुरतं सेटिंग

माझा नवरा गावच्या कबड्डीच्या सामन्यांत माइकवर बोलायचा. माइक बंद पडला तरी त्याचं काही अडायचं नाही. घशाच्या ऑपरेशननंतर त्याच्याकडे नुसती कुजबुज उरली.

मी लोणावळ्याच्या एका हॉटेलात फोन आणि नेटवर्कचं काम बघते. माझी कामाची खोली तळघरात, तिथं मोबाइलला रेंज नाही. म्हणून तो बेगडेवाडीच्या घरून हॉटेलच्या लाइनवर फोन करायचा. मला ऐकू यायचं ते असं: "...चलीस का... आई म्हण..." मग काहीच नाही.

"ऐकू येत नाही रे," मी म्हणायचे. तो पुन्हा जोर लावायचा, खोकायचा आणि फोन ठेवून द्यायचा.

बाहेरची लाइन आमच्या फोनांना जोडणाऱ्या गेटवेत एक सेटिंग असतं. कुणी बोलत नसलं की ते आवाज पाठवणंच थांबवतं, नेटवर्कवरचा भार वाचावा म्हणून. त्याचं बोलणं त्या यंत्राला शांतता वाटत होतं. हे ध्यानात आलं तेव्हा मी तिथंच बसून रडले. मग ते सेटिंग बंद केलं, येणारा आवाज थोडा थोडा वाढवला आणि घरी फोन लावला.

आधी पंख्याची घरघर आली, अंगणातल्या कोंबड्या आल्या, आणि त्यांच्यामधून तो.

"आता?"

"येतंय. सगळं येतंय."

रिसेप्शनवरच्या मुली कुरकुरल्या. बाहेरचा माणूस कानात ओरडल्यासारखा वाटतो म्हणाल्या. कारण कळल्यावर त्यांनी आपापल्या फोनचा आवाज कमी करून घेतला, पुन्हा विषय काढला नाही. तो पावसाळाभर दुपारी बोलत राहिला. भाताची लावणी, आईनं केलेली पेज, शेजाऱ्यांचं भांडण. शेवटी शेवटी बोलवेना, तेव्हा मी रिसीव्हर कानाशी धरून नुसता त्याचा श्वास ऐकायचे.

दिवाळीआधी तो गेला.

तेराव्यानंतर कामावर आले. दुपारी फोन वाजला, घरचा नंबर दिसला आणि माझा हात पुढं होईना. शेवटी उचलला, तर सासूबाई होत्या. त्यांचा आवाज इतका मोठा, इतका चिरकत आला की शब्दच कळेनात.

"आई, जरा हळू बोला."

"आगं, हळूच बोलतीय मी. घर खायाला उठतंय. लौकर ये, येवढंच सांगायचं व्हतं."

फोन ठेवून मी गेटवेचं सेटिंग उघडलं आणि वाढवलेला आवाज पूर्वीसारखा खाली आणला. सासूबाईंचं बोलणं मला नीट ऐकू यायला हवं होतं. तरी बराच वेळ सेव्ह करवेना. मग केलं, साहेबांना सांगितलं आणि मिळेल ती लोकल धरून घरी गेले.