अर्जुनाबाचं अर्धं पिंप

अर्जुनाबाच्या भुवया वयानं पांढऱ्या झाल्या होत्या की पिठानं, हे करंजवाडीत कुणाला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. आंघोळ करून आला तरी त्याच्या कानाच्या पाळीत जोंधळ्याचं पीठ राहायचंच. बायको हरणाबाई म्हणायची, "ह्यास्नी मळून तव्यावर टाकलं तर भाकरी हुईल." यावर तो हसायचा, पण हल्ली हसतानासुद्धा दमायचा.

घराणं मेंढरांचं. कवठे महांकाळच्या पूर्वेला पाऊस वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा येतो, म्हणून दिवाळी सरली की त्याचा बाप कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा. तिथल्या उसाच्या मळ्यात खतासाठी मेंढरं बसवायची, त्याबदली धान्य घ्यायचं, पुढं सरकायचं. अशाच एका फेरीत अर्जुनानं पहिलं इंजिन पाहिलं. नदीकाठी एकटंच उभं होतं आणि पाणी उपसत होतं. चारा मागत नव्हतं, विसावा मागत नव्हतं. मेंढरं एका अंगाला गेली आणि हा तिथंच उभा. बापानं काठी घातली, पण इंजिन काही डोक्यातून उतरलं नाही. पुढं सांगलीत एका मिस्त्रीच्या हाताखाली राबला आणि कैक वर्षांनी एक जुनं इंजिन, दोन दगड आणि एक पट्टा बैलगाडीत घालून गावी परतला. थोरल्या पाटलांनी चावडीमागची जागा दिली. करंजवाडीला गिरणी आली.

बघता बघता घराघरांतली जाती उठली. एकीनं जात्याची तळी ओढ्यावर धुणं आपटायला नेली, दुसरीनं उंबऱ्याबाहेर पाय धुवायला टाकली. हळद दळायला म्हणून पाटलांच्या वाड्यात तेवढं एक जातं जपून ठेवलेलं होतं. अर्जुनाबाला या गोष्टीचं मनापासून बरं वाटायचं. त्याची आई जात्याशीच म्हातारी झाली होती. शेवटी शेवटी तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. आता अर्जुनाबाचाच खांदा गेला होता. इंजिनाला हँडल मारून मारून गेला होता, एवढाच फरक.

बहात्तरचा दुष्काळ कसाबसा मागं पडला. पाऊस झाला, जोंधळा आला, रेशनवरच्या अमेरिकन मिलोच्या तांबड्या भाकरीतून गाव सुटलं. आता जरा टेकावं म्हणेपर्यंत डिझेल नाहीसं झालं.

कवठ्याच्या पंपावर बैलगाड्यांची रांग लागायची. गाडीत रिकामी पिंपं, पिंपावर टेकून झोपलेली माणसं. अर्जुनाबा दोनदा जाऊन रिकामा आला. गिरणीच्या मागच्या खोलीत जुनं पिंप होतं, ते अर्धं भरलेलं. तेवढंच.

लालासाहेब त्याचा लहानपणचा सोबती. फौजेत गाड्या चालवून निवृत्त झालेला, गावात वर्तमानपत्र वाचणारा. तो गिरणीच्या पायरीवर बसून रोज बातम्या सांगायचा.

"अरबांनी हात आखडता घेतलाय गड्या. आणि त्यांनी सोडलं तरी किती दिवस? पेपरात लिवलंय, सगळ्या जगातलं मिळून तीस-पस्तीस वर्सं पुरंल म्हणं."

अर्जुनाबानं पट्टा पुसता पुसता विचारलं, "तू आसामात तेलाच्या हिरी बगितल्यास न्हवं? त्यास्नी झरा असतो का नुसतं साठल्यालं असतं?"

"साठल्यालं. लाखो वर्सांचं."

"मंजी डोणीतलं पाणी. जनावरानं पिलं की संपलं."

"तसंच म्हण. कोळसा मात्र लय हाय, शेकडो वर्सं सरायचा न्हाई म्हणत्यात."

"माझं इंजिन कोळसा खात न्हाई."

"मग मिरजेची बारकी आगगाडी खाती की! तिला हिकडं वळवून घे अन् जोड पट्टा."

दोघंही हसले. मग अर्जुनाबा म्हणाला, "डोणीत जे उरलंय ते कुणी प्यायचं, ह्ये कोण ठरीवतं रं?"

"डोणीपाशी जो उभा असंल तो," लालासाहेब म्हणाला. "हितं तू उभा हायेस."

हे बोलणं अर्जुनाबाला आवडलं नाही. तो पुन्हा पट्टा पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नानासो पाटील आला. ज्यांनी गिरणीला जागा दिली त्या थोरल्या पाटलांचा हा मुलगा. माणूस वाईट नव्हता. दुष्काळात त्यानं आपली विहीर गावाला पिण्यासाठी उघडी ठेवली होती. पिंपाच्या खोलीकडं न बघता तो बोलू लागला, यावरूनच अर्जुनाबा काय ते समजला.

"अर्जुनाबा, माझा गहू वंब्या टाकतोय. एक पाणी मिळालं तर दाणा भरंल, न्हाईतर नुसतं भूस. हिरीत पाणी हाय, इंजिन हाय, डिझेल तेवढं न्हाई."

"मग गिरणी कशावर चालवू?"

"काई दिवस बाया दळतील की जात्यावर. पूर्वी दळत न्हवत्या का?"

"जाती कुटं हायती, पाटील? ओढ्यावर जाऊन बगा. धुणं आपटून आपटून गुळगुळीत झाल्यात."

"आवं, पण पीक आलंच न्हाई तर दळशिला काय? दगड?"

हेही खोटं नव्हतं. "उद्या सांगतो," अर्जुनाबा एवढंच म्हणाला.

तो दिवसभर त्यानं गिरणी बंद ठेवली आणि नुसता दगडापाशी बसून राहिला. हरणाबाईनं चहा आणून दिला, तो तसाच गार झाला. अंगात बळ नव्हतं तसं मनातही उरलं नव्हतं. पाटलाला द्यावं तर गिरणी बंद. आणि मग हाताला कंप असलेल्या म्हाताऱ्यांनी, बाळंतिणींनी काय करायचं? न द्यावं तर डोळ्यांसमोर गहू जळणार.

दोन्ही कसं भागेल याचा विचार करताना त्याला गिरणीतली रोजची एक गोष्ट दिसली. इतकी रोजची की ती आजवर दिसली नव्हती.

गिरणीत प्रत्येकीचं दळण वेगळं. एकीचं संपलं की दगड फिरत ठेवायचा, आतलं पीठ झाडायचं, पत्र्यावर हातानं थापट्या मारायच्या, खालची पेटी पुरी रिकामी करायची, आणि मगच दुसरीचा जोंधळा वर ओतायचा. कुणाचं पीठ कुणात जाता कामा नये. ओढ्यापलीकडं राहणारी, दोर वळून पोट भरणारी बनुबाई आपलं शेरभर दळण घेऊन यायची आणि पार टोकाला बसायची. तिचं नेहमी सगळ्यांत शेवटी लागायचं. का, ते कुणी बोलत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं. अर्जुनाबालाही. आणि या सगळ्या झाडाझाडीत इंजिन चालूच राहायचं. बंद केलं तर पुन्हा हँडल मारणं त्याच्या खांद्याला झेपत नव्हतं. डिझेलातला मोठा वाटा असा, पीठ न दळता, पीठ वेगळं ठेवण्यात जळत होता.

सगळ्यांचा जोंधळा एकामागं एक ओतला, मधे दगड झाडलाच नाही, आणि शेवटी ज्याच्या त्याच्या मापानं पीठ वाटलं, तर?

त्यानं हरणाबाईला सांगितलं.

"आवं, येड लागलं का तुमाला? आपल्या पिठात बनुबाईचं?"

"जोंधळाच हाय न्हवं तिचाबी. आपल्याच रानातला. तूच खुडलायस तिच्या संगं."

"खुडणं येगळं, खाणं येगळं. बाया पेटवून देतील गिरणी."

"त्याला तरी डिझेल लागंल," अर्जुनाबा म्हणाला.

हरणाबाईला हसू आलं, पण तिनं ते पदरात दडवलं. मग म्हणाली, "पाटलाचं घर आलं तर बाकीची येतील. न्हाई आलं तर कुणी येणार न्हाई. मी आत्ताच सांगून ठिवते."

सकाळी नानासो आला तेव्हा अर्जुनाबानं त्याला समोर बसवलं. "पिंपातलं निम्मं घिऊन जा. एक पाणी हुईल. पण आठवड्यातनं एकदा, बाजारादिवशी गिरणी सुरू हुईल आणि सगळ्या गावाचं एका दमात दळीन. मधे दगड झाडणार न्हाई. त्यात पैलं दळण तुमच्या घरचं."

नानासोचा चेहरा उतरला. "पैसं मागा की राव. दुप्पट मागा."

"पैसं जाळून दगड फिरत न्हाई."

"आमची म्हातारी? चंद्राबाई पाटलीण हाय ती! सोवळ्याओवळ्याची. तिला काय सांगू?"

"गव्हाला काय सांगणार हायसा?"

नानासो ताडकन उठला. "माझ्या बापानं जागा दिली ह्या गिरणीला. विसरू नगा," असं म्हणून पायऱ्या उतरून गेला. अर्जुनाबा त्याच्या पाठीकडं बघत राहिला. आपण फार बोललो, असं त्याला वाटलं. त्या जागेची आठवण कुणी करून द्यायची गरज नव्हती. रोज गिरणीचं दार उघडताना त्याला ती व्हायचीच.

बाजाराचा दिवस उजाडला. बाया पाट्या घेऊन आल्या, पण लांबच उभ्या राहिल्या. कुजबूज चालली होती. एक म्हणाली, "म्हातारा चळला." दुसरी म्हणाली, "आमी न्हाई बाई, मी आपलं जातं आणते ओढ्यावरनं." तिसरी म्हणाली, "आण की. झिजल्या दगडाला टाकी लावायला कोण, तुजा सासरा?" बनुबाई तिच्या टोकाच्या जागी बसली होती. आज काय चाललंय ते तिच्या कानावर आलं होतं. मान खाली घालून ती पाटीची काडी उपटत होती.

अर्जुनाबानं हँडल मारलं. पहिल्यांदा इंजिन घेईना. दुसऱ्यांदा खांद्यातून कळ गेली. तिसऱ्यांदा पुक पुक सुरू झालं. पट्टा चढवला. दगड फिरू लागला आणि वर ओतायला कुणी पुढं येईना. डिझेल जळत होतं. त्या वेळी त्याला वाटलं, बंद करावं, घरी जावं, आणि गोधडी ओढून पडावं.

तेवढ्यात नानासो स्वतः डोक्यावर पोतं घेऊन आला. पाटलानं डोक्यावर दळण आणलेलं गावानं कधी बघितलं नव्हतं. बाया बाजूला सरल्या. तो अर्जुनाबाच्या कानाशी लागला, "आईला म्हाईत न्हाई. तिचं जात्यावर येगळं दळायला सांगितलंय. ह्ये आमचं, पोरास्नी."

"हळू बोलून भागायचं न्हाई, पाटील. दगडाचा आवाज हाय. मोठ्यानं बोला."

नानासोनं एकदा बायांकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "ओता!"

पोतं रिकामं झालं. त्याच्यामागं हरणाबाईनं आपली पाटी ओतली, तोंड वाकडं करून, पण ओतली. मग एक, मग दुसरी. अर्जुनाबानं मधूनच टोकाकडं हाक मारली, "बनूक्का, आण हिकडं." ती उठेना. "माझं राहू द्या, आबा. शेवटाला." "आज शेवट न्हाई. आण." ती आली. तिची शेरभर ज्वारी कुठल्या दोन पाट्यांच्या मधे पडली, हे पडल्यावर कुणाला सांगता आलं नसतं. दोन बाया मात्र पाटी उचलून घरी निघून गेल्या, त्याही पाठमोऱ्या बडबडत.

पीठ तराजूनं वाटताना फारसं कुणी बोललं नाही. लालासाहेब पायरीवरून म्हणाला, "फौजेत असंच अस्तंय. सगळ्यांची भाकरी एका परातीतली." कुणीतरी म्हणालं, "मग फौजेतच ऱ्हायाचं हुतं." सगळे हसले आणि जरा मोकळं झालं.

गव्हाला पाणी मिळालं. पिंपातला उरलेला वाटा पुढं कैक आठवडे पुरला; अर्जुनाबाला स्वतःलाही तो इतका पुरेल असं वाटलं नव्हतं. निघून गेलेल्या त्या दोघीही परत आल्या, ओढ्यावरच्या जात्यानं भरडा तेवढा निघतोय म्हणून. चंद्राबाईला सगळं कळलंच. तिनं चार दिवस लेकाशी अबोला धरला आणि पाचव्या दिवशी नातवाच्या ताटातला भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला, असं म्हणतात. अर्जुनाबानं हे ऐकलं आणि विचारलं, "गोड लागला का?"

शिमग्यानंतर कवठ्याच्या पंपावर डिझेल आलं. महाग झालं होतं, पण होतं. अर्जुनाबा पिंप भरून आणताना वाटेत दोनदा गाडी थांबवून उतरला, खांदा दाबत बसला. गावात बातमी त्याच्या आधी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी गिरणी उघडली तर दारात बाया रांगेनं बसल्या होत्या. प्रत्येकीची पाटी वेगळी, प्रत्येकीच्या पाटीवर वेगळं फडकं. कुणी काही ठरवलं नव्हतं. कुणी कुणाला बोललंही नव्हतं. नानासोच्या घरचं दळण घेऊन गडी आला होता, तो सगळ्यांत पुढं. बनुबाई पार टोकाला. तिनं वर बघितलं नाही आणि अर्जुनाबानंही तिला हाक मारली नाही. हाक मारायला आता काय कारण सांगायचं, हे त्याला सुचेना.

पहिलं दळण संपलं. गडी म्हणाला, "झाडा की आबा नीट. पाटलीणबाईंनी सांगितलंय."

अर्जुनाबा पत्र्यावर थापट्या मारू लागला. हरणाबाई बाजूला उभी होती. ती म्हणाली, "तेल आलं, बरं झालं न्हाई? तुमचा जीव हलका झाला."

"व्हय," तो म्हणाला. "आलं."

खालची पेटी रिकामी झाली होती. वर ओतायला दुसरी बाई पदर खोचून पुढं येत होती, सावकाश, कारण आता घाई नव्हती. तोवर इंजिन पुक पुक करत मोकळं चालत राहिलं. धूर चावडीवरून, बाभळींवरून, ओढ्यापलीकडं जात होता. अर्जुनाबा थापट्या थांबवून, दुखरा खांदा दुसऱ्या हातात धरून, तो धूर बघत उभा राहिला.