सुई काढलेलं इंजेक्शन

आमच्या मामांच्या हृदयात धातूची झडप आहे आणि ती वाजते. शांत खोलीत बसलं की टिकटिक ऐकू येते, स्वस्तातल्या मनगटी घड्याळासारखी. ऑपरेशनला बरीच वर्षं झाली, पण परंड्यात मामांना भेटायला जाणाऱ्याला अजूनही चहाआधी ती ऐकावी लागते. मामा पंखा बंद करायला लावतात, बोट वर करून सगळ्यांना गप्प करतात आणि छाती पुढे काढतात. सोसायटीचं चेअरमनपद गेल्यापासून लोकांना गप्प बसवायचं एवढंच साधन त्यांच्याकडे उरलं आहे.

या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून मामा रोज रक्त पातळ करायची गोळी घेतात. महिन्याला रक्त तपासायचं, की ते किती पातळ झालं याचा आकडा येतो. मामांचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये पाहिजे. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची.

गेल्या थंडीत एका सत्काराच्या जेवणात शेजारच्या पाहुण्यानं मामांना सांगितलं, की पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं आणि ते या गोळीच्या विरोधात काम करतं. माहिती खरी होती, फक्त अर्धी होती. मामांनी घरी येताच मेथी, पालक, शेपू आणि अंबाडीवर बंदी घातली. ठराव स्वतःच मांडला, अनुमोदन स्वतःच दिलं आणि एकमतानं मंजूर केला. मामींनी एवढंच विचारलं, "डॉक्टरला इचारलं का?"

"त्यात काय इचारायचं? विरोधी पक्ष हाय तो. घरात कशाला घ्यायचा?"

बाजारात मेथीचे ढीग आणि मामांच्या ताटात बटाटा, असे तीन आठवडे गेले. मधेच खोकला झाला, तर मेडिकलवाल्याला सांगून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणल्या. सहाव्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून येणारं रक्त थांबेना. दंडावर तळहाताएवढा निळा डाग होता, आणि कुठं लागलं ते त्यांना आठवेना.

मामींनी मला फोन केला. मी धाराशिवच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. तेवढ्यावर घरचे मला अर्धा डॉक्टर समजतात, तोही बिनकामाचा अर्धा. मी गाडी सांगितली आणि दुपारी मामांना त्यांच्या धाराशिवच्या नेहमीच्या डॉक्टरांपुढं बसवलं. आकडा सात आला.

डॉक्टरांनी डोकं दुखतंय का, शौचाला काळं होतं का, पडलात का, सगळं विचारलं. मग खाण्यापिण्याचं विचारलं. मामांनी विरोधी पक्षाची गोष्ट मोठ्या ऐटीत सांगितली.

"तिथंच चुकलं," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही रोज जेवढी भाजी खात होता, तिच्या हिशोबानं मी गोळी बसवली होती. विरोधी पक्ष काढून टाकलात, आता गोळी एकटीच कारभार करतेय. वर या अँटिबायोटिकनं तिला आणखी जोर दिला."

कारभारावरून बोलणी खायची मामांना सवय होती. त्यांनी शांतपणे बाही वर केली, कारण डॉक्टरांनी व्हिटॅमिन केची छोटी काचेची कुपी फोडून सिरिंज भरायला घेतली होती. दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर परंड्याचा एक ओळखीचा माणूस बसला होता. मामा त्याला दिसेल असे जरा तिरके झाले.

डॉक्टरांनी सिरिंजमध्ये कुपीतला दहावा हिस्सा घेतला, सुई काढून टाकली आणि म्हणाले, "आ करा."

"तोंडात?"

"तोंडातूनही लागू पडतं. रक्त जोरात वाहत असतं तर भरती करून शिरेतून दिलं असतं, तेही सावकाश. तुम्हाला थोडंच हवंय. गोळी दोन दिवस बंद, परवा पुन्हा रक्त तपासू. तोवर जास्त रक्त आलं, डोकं दुखलं, तर तडक इकडं यायचं."

मामांनी तोंड उघडलं. बाकावरच्या माणसानं आदरानं मान दुसरीकडं वळवली. उरलेली कुपी डॉक्टरांनी डब्यात टाकली.

मी त्यांना सोडायला परंड्याला निघालो. बार्शी आल्यावर मामा म्हणाले, "पोलिओचा डोस दिला मला." आणखी थोड्या वेळानं, "नऊ हिस्से फेकून दिले."

दुसऱ्या दिवशी विचारपुशीला माणसं आली. आपल्याकडे आजाऱ्याची प्रतिष्ठा सलाईनच्या बाटल्यांवर ठरते. बाटल्या नाहीत तर निदान सुया हव्यात. दोन्ही नाहीत म्हटल्यावर आणलेला बिस्किटांचा पुडा माणसाला उगाच मोठा वाटू लागतो. सोसायटीतले एक जुने विरोधक सगळं ऐकून उठता उठता म्हणाले, "मग दुखणंच न्हाय म्हणा की चेअरमन."

हे मामांना लागलं. तासाभरात व्हिटॅमिन केची नवी कुपी मेडिकलमधून आली, आणि तिच्यामागून एक रिटायर कंपाउंडर बॅग घेऊन आले. गावात घरोघरी सुया तेच देतात.

"पूर्ण द्या. शिरेत," मामा म्हणाले.

मी म्हणालो, "मामा, डॉक्टरांनी मोजून दिलंय."

"तू पुस्तकं मोज."

कंपाउंडर दंडाला पट्टा बांधत होते, तेवढ्यात मामींनी डॉक्टरांना फोन लावून स्पीकर चालू केला आणि मोबाईल मामांच्या मांडीवर ठेवला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं.

"एवढं दिलं तर रक्त पातळ करायची गोळी आठ-पंधरा दिवस ऐकायचीच नाही," ते म्हणाले. "तेवढ्यात झडपेवर गुठळी धरली तर झडप अडकेल. आणि घाईनं शिरेत सोडलं तर माणूस जागेवर कोसळू शकतो. कोण देतंय?"

कंपाउंडरनी बॅग खुर्चीमागं सरकवली. लाईट गेलेली होती, पंखा बंद होता. कुणी बोट वर केलं नव्हतं, तरी खोली गप्प झाली आणि टिकटिक ऐकू येऊ लागली. मामा इतकी वर्षं ती दुसऱ्यांना ऐकवत होते. आता मान खाली घालून स्वतः ऐकत होते.

कंपाउंडरनी पट्टा सोडला. "चेअरमन, ही वाजती हाय ना? वाजू द्या. मी हात लावत न्हाय." कुपी त्यांनी मामींच्या हातात दिली.

तिसऱ्या दिवशी धाराशिवला रक्त तपासलं. आकडा तीनवर आला होता, हिरड्यांतलं रक्तही थांबलं होतं. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि रोज एक वाटी पालेभाजी सांगितली, कमी नाही आणि जास्तही नाही. दुसऱ्या कुणाचं कुठलंही औषध घेण्याआधी फोन करायचा, हेही बजावलं. मामी आता वाटी सपाट भरून ताटात ठेवतात आणि रिकामी होईपर्यंत समोरून हलत नाहीत.

तपासणीला रक्त काढलं त्या जागी कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी लावली होती. गावी पोचल्यावर मामांनी ती काढू दिली नाही. आठवडाभर बाही कोपरापर्यंत वर होती. जुने विरोधक पुन्हा आले, पट्टीकडे पाहून खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हंजी इंजेक्शन द्यावंच लागलं."

"दिलं की," मामा म्हणाले.

कुठं दिलं ते त्यांनी विचारलं नाही. मामांनी मामींकडे पाहायचं टाळलं आणि पंखा बंद करायला सांगितलं.